काळी चंद्रकळा आणि 'गॉथ' मंडळी

मँचेस्टरास शिकत असलेली आमची नात गेल्या मार्गशीर्षांत सुटीसाठीं बुधवारांतील घरीं आली, ती पायघोळ काळा झगा, काळीं नखें, काळे ओठ आणि बोटांत कवटीची आंगठी अशा थाटानें. दिवस नेमका गुरुवारचा. महालक्ष्मीच्या पूजेसाठीं माजघरांत सुवासिनी जमलेल्या. "हें काय अभद्र सोंग!" असें आमचें कुटुंब उद्गारलें, आणि पस्तीस वर्षें वर्गांत बोलून सवय जडलेल्या आम्हीं त्याच सुरांत पाऊण तास उपदेश केला. पोर निमूटपणें ऐकत राहिली.

दुसऱ्या दिवशीं मात्र तिनें आम्हांस समोर बसविलें. हा वेष 'गॉथ' म्हणविणाऱ्या मंडळींचा. मूळचे गॉथ म्हणजे इ. स. ४१० मध्यें रोम लुटणारे लोक. त्यांचें नांव पुढें उपहासानें मध्ययुगीन वास्तुशिल्पास चिकटलें (त्या धर्तीचें मुंबईचें बोरीबंदर स्थानक वाचकांनीं पाहिलेंच असेल), तेथून भुताखेतांच्या कादंबऱ्यांस व अखेर या तरुणांस. १९७९ सालीं 'बाउहाउस' नामक इंग्रजी वाद्यवृंदानें, ड्रॅक्युलाची भूमिका गाजविणाऱ्या बेला लुगोसी या नटाच्या मरणावर एक गीत काढिलें. १९८२ मध्यें लंडनच्या सोहो भागांत 'बॅटकेव्ह', म्हणजे वटवाघळांची गुहा, या नांवाचा त्यांचा अड्डा निघाला. आणि जर्मनींतील लायप्झिग नगरांत १९९२ पासून त्यांची मोठी जत्रा भरूं लागली. हे लोक जुन्या दफनभूमींतून हिंडतात, करुण कवनें वाचतात, आपले कपडे पुष्कळदां आपणच शिवतात. त्यांचें संगीत तिनें ऐकविलें. तें मात्र, तंबोरा न जुळवितांच बैठक सुरू व्हावी, तसें आमच्या कानांस लागलें.

ऐकतां ऐकतां आम्हीं फळीवरून 'मालतीमाधव' काढिलें. वडिलांच्या संग्रहांतील, डॉ. भांडारकरांनीं १८७६ सालीं संपादिलेली ती प्रत. पांचव्या अंकांत माधव रात्रीं श्मशानांत नरमांस विकावयास जातो; भोंवतीं पिशाचें प्रेतांवर ताव मारीत असतात; चामुंडेच्या देवळांत अघोरघंट कापालिक व त्याची शिष्या कपालकुंडला मालतीचा बळी द्यावयास सिद्ध असतात. हें लिहिणारा भवभूति विदर्भांतील पद्मपुरच्या श्रोत्रिय कुळांतला. आम्हीं हा अंक किती वेळां रंगून वाचला असेल. अभद्र हा शब्द एकदांही तोंडीं आला नाहीं. भरतमुनींनींही भयानक आणि बीभत्स यांस आठ रसांच्या पंक्तींत पाट मांडून दिलेला. मुंडमाळा तर शंकराच्याच गळ्यांत. आणि आमच्या पेठेंत तांबडी जोगेश्वरी आहे, तशी काळीही आहे.

"म्हणजे आजोबा, ही तुमचींच माणसें निघालीं कीं!" असें म्हणून पोर हंसली, पण लगेच गंभीर झाली. मँचेस्टरच्या उत्तरेस बेकप नांवाचें लहानसें गांव आहे. तेथील बागेंत ऑगस्ट २००७ मध्यें सोफी लँकेस्टर ही वीस वर्षांची मुलगी व तिचा मित्र यांस कांहीं पोरांनीं, केवळ वेष निराळा म्हणून, मारहाण केली. मित्र बेशुद्ध पडला. त्याचें डोकें मांडीवर घेऊन बसलेल्या सोफीस त्यांनीं लाथांनीं तुडविलें. कांहीं दिवसांनीं ती मरण पावली. २०१३ पासून मँचेस्टरचे पोलीस अशा हल्ल्यांची नोंद द्वेषमूलक गुन्हा म्हणून करूं लागले.

"मी काळें नेसतें, तेव्हां आई तिकडे फोन करून रोज विचारते, घरीं पोंचलीस ना?" एवढेंच ती म्हणाली. आमच्या पाऊण तासाच्या उपदेशाचा उल्लेख तिनें केला नाहीं. तो आम्हांसच आठवला.

काळे ओठ आम्हांस अद्यापि रुचलेले नाहींत. परंतु पौषांत संक्रांत आली. वर्षभर वर्ज्य असलेला काळा रंग त्या दिवशीं आपल्या घरोघर मिरवतो. कुटुंबानें कोणास न विचारतां आपली जुनी काळी चंद्रकळा ट्रंकेंतून काढिली, नातीस नेसविली, वर हलव्याचे दागिने घातले. हळदीकुंकवास आलेल्या बायका तिच्याकडे पाहतच राहिल्या. कवटीची आंगठी बोटांत तशीच होती. ती काढ, असें कोणी म्हटलें नाहीं.