साथियाच्या कानी पडलेले गुपित

जानेवारी २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाने आरोग्यशिक्षणाचा मोठा भार गावातल्याच मुलामुलींवर सोपविला. कार्यक्रमाचा वयोगट १० ते १९ वर्षांचा. २०११ च्या जनगणनेनुसार देशात या वयाची सुमारे २५ कोटी मुले-मुली होती. साधारण हजार लोकसंख्येमागे दोन मुली व दोन मुलगे ‘साथिया’ म्हणून निवडावेत आणि त्यांत शाळाबाह्य मुलांचाही विचार व्हावा, अशी ही रचना आहे.

मासिक पाळी, तंबाखू, घरातील मारहाण किंवा मनातील उदासी यांविषयी मुले आधी मित्र-मैत्रिणींशी बोलतात, हा यामागचा तर्क बिनचूक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुली रक्तक्षयग्रस्त आढळल्या. तेव्हा लोहाच्या गोळ्यांविषयी समजावणे हेही क्षुल्लक काम नव्हे. मात्र साथियाची खरी कसोटी लागते ती, ‘कुणाला सांगू नकोस’ असे बजावून एखादी मैत्रीण मन मोकळे करते तेव्हा.

येथे कायदा आड येतो. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार बालकावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती असलेल्या व्यक्तीने ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. अठरा वर्षांखालील मुलीची संमती हा कायदा मानत नसल्याने, राजीखुशीचे शरीरसंबंधही त्यातून सुटत नाहीत. माहिती न दिल्याबद्दलच्या शिक्षेतून कलम २१ ने बालकांना वगळले आहे. साथिया मात्र सामान्यतः १५ ते १९ वर्षांचे असतात. सतराव्या वर्षी असे गुपित ऐकणारी मुलगी शिक्षेच्या कक्षेबाहेर राहते; अठरा पूर्ण झालेली तिची सहकारी मात्र उत्तरदायी ठरते.

म्हणूनच सगळे गुप्त राहील, असे वचन देणारी साथिया स्वतःला आणि मैत्रिणीलाही अडचणीत आणते. काय आपल्यापाशी राहील आणि काय मोठ्यांना सांगावेच लागेल, हे बोलणे सुरू होण्यापूर्वी स्पष्ट करणे, हे प्रशिक्षणातले सर्वांत अवघड कौशल्य मानले पाहिजे.

पण सांगायचे कोणाला? आशा स्वयंसेविका बहुधा त्याच गावची, कधी नात्यातलीही असते. महाराष्ट्रात ‘मैत्री’ नावाने चालणारी किशोरस्नेही केंद्रे आरोग्यसंस्थांत आहेत. तेथे रांगेत उभ्या मुलीला सर्वांसमोर कारण विचारले गेले, तर ती पुन्हा येत नाही आणि तिला पाठविणाऱ्या साथियाचाही शब्द गावात चालत नाही. बालकांसाठी १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानसचा १४४१६ हे क्रमांक उपयुक्त आहेत. मात्र घरातला एकमेव मोबाइल वडिलांच्या खिशात असेल, तर त्यांचाही आधार तोकडा पडतो.

त्यात साथिया फार काळ गावात टिकतीलच असे नाही. बारावीनंतरचे शिक्षण, रोजगार किंवा लग्न यांमुळे त्या बाहेर पडतात. जाणाऱ्या साथियाने नव्या मुलीला काही महिने सोबत घेऊन काम करावे, एवढी साधी तरतूदही त्या गावातला संवाद खंडित होऊ देणार नाही.