श्रूजबरीचे पत्र : शर्यतीच्या मोटरसायकलला कोणते तेल?



ह्या सदरात आजवर मुलांचे शिक्षण, वृद्धांची देखभाल, परदेशातील घरखर्च असे विषय येत गेले. ह्या वेळचे शीर्षक वाचून आमचे काही ज्येष्ठ वाचक नाक मुरडतील, हे आम्ही जाणून आहोत. तथापि तेल हा विषय आपल्या समाजाला परका म्हणता येणार नाही. कोकणात घाण्यावर तेल गाळून आणि शनिवारी घाणा बंद ठेवून आपल्या पूर्वजांनी ‘शनवार तेली’ हे नाव मिळविले. तेव्हा त्यांच्या नातवंडांनी तेलाची पारख करण्यात वावगे ते काय?

निमित्त घडले ते असे. मॅसॅच्युसेट्समधील आमचे श्रूजबरी हे वूस्टर शहराला लागून असलेले गाव. मधे क्विन्सिगामंड तलाव, एवढेच अंतर. येथील आपल्यातील एका कुटुंबाच्या बावीस वर्षांच्या मुलाने सहाशे सी.सी.ची, चार सिलिंडरची जुनी मोटरसायकल विकत घेतली, तिचे दिवे-आरसे उतरविले आणि न्यू हॅम्पशायरमधील लाउडन येथे शर्यतीत उतरण्याचे ठरविले. लाउडनचा हा मार्ग, न्यू हॅम्पशायर मोटर स्पीडवे, येथून सुमारे दीड तासाच्या वाटेवर आहे. आईने विरोध करून पाहिला, वडिलांनी अबोला धरून पाहिला. शेवटी वडील आम्हांस म्हणाले, “मास्तर, तो काही ऐकणार नाही. निदान यंत्र तरी नीट असू द्या. तेलावरून रोज वाद चालला आहे, तुम्हीच एकदा बघा.” अध्यापनाबरोबर तारुण्यात गॅरेजमध्येही काही काळ हात काळे केलेले असल्याने आम्ही ते काम पत्करले.

मुलाचे म्हणणे असे की, जगज्जेत्या संघांप्रमाणे अगदी पातळ तेल घालावे, म्हणजे इंजिनाला घर्षण कमी होऊन वेग वाढेल. त्याने आणलेला डबा मोटारीच्या तेलाचा होता, ‘० डब्ल्यू २०’ प्रतीचा. पुढच्या बाजूस शर्यतीचे मोठे चित्र होते. आम्ही त्याला डबा उलटा करावयास सांगितले, कारण तेलाची खरी ओळख मागील बाजूच्या बारीक अक्षरांत असते.

प्रथम त्या आकड्यांचा अर्थ. ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा तेल थंडीत कितपत वाहते ते सांगतो, नंतरचा आकडा ते शंभर अंश सेल्सिअसला किती दाट राहते ते सांगतो. आमच्याकडे जानेवारीच्या पहाटे पारा शून्याच्या पुष्कळ खाली जातो. अशा वेळी मोटार चालू करणाऱ्यास पहिला आकडा लहान असलेला बरा. पण लाउडनच्या शर्यती उन्हाळ्याच्या हंगामात होतात आणि शर्यतीपूर्वी इंजिन उभ्याने चालवून गरम करून घेतात. म्हणजे ह्या मुलाच्या दृष्टीने महत्त्व दुसऱ्या आकड्याला. ‘४०’ प्रतीच्या तेलाचा दाटपणा शंभर अंशांवर १२.५ ते १६.३ सेंटीस्टोक असतो. ‘२०’ प्रतीचा ६.९ ते ९.३, म्हणजे जवळजवळ निम्मा. त्याच्या मोटरसायकलच्या पुस्तिकेत ‘१० डब्ल्यू ४०’ असे स्पष्ट छापलेले होते.

कनेक्टिंग रॉड आणि क्रँक ह्यांच्या बेअरिंगमध्ये धातूला धातू लागू नये म्हणून तेलाचा एक पापुद्रा असतो, केसाहूनही पातळ. मिनिटाला चौदा-पंधरा हजार फेऱ्या होत असता तोच पापुद्रा सारा भार पेलतो. तेल अवाजवी पातळ असले तर तो तुटतो, बेअरिंग जळते आणि इंजिन आवळून बसते. वेगात इंजिन आवळले की मागचे चाकही जागीच अडकते, आणि त्या क्षणी क्लच दाबण्याचे भान न राहिल्यास स्वार फेकला जातो. मोठ्या कंपन्यांचे संघ पातळ तेल वापरतात हे खरे. पण ती इंजिने त्या तेलासाठीच बांधलेली असतात आणि ठरावीक मैल झाले की उघडून त्यांचे भाग बदलले जातात. ज्या घरात एकच इंजिन आहे आणि तेही वडिलांनी जादा पाळ्या करून साठविलेल्या पैशांतून आलेले, त्या घराने त्यांचे अनुकरण करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरी बाब क्लचची. मोटारीत इंजिनाचे तेल वेगळे, गिअरचे वेगळे. बहुतेक मोटरसायकलींत मात्र इंजिन, गिअर आणि क्लच ह्या तिघांनाही एकच तेल पुरते. क्लचच्या चकत्या त्या तेलातच बुडालेल्या असतात. इंधन वाचावे म्हणून मोटारीच्या पुष्कळशा पातळ तेलांत घर्षण घटविणारी द्रव्ये घालतात. ती चकत्यांवर बसली की क्लच घसरू लागतो. इंजिन ओरडते, पण गाडी त्या मानाने पुढे जात नाही. अशा डब्याच्या मागील गोल शिक्क्याच्या खालच्या अर्ध्या भागात ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ असे शब्द असतात. ते दिसले की तो डबा परत ठेवावा. त्याऐवजी जपानी मानकाची ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ ही खूण पाहावी. हे मानक १९९८ साली आले ते मुख्यतः ह्याच अडचणीवर उपाय म्हणून. ‘एमबी’ अशी खूण असेल तर ते तेल स्कूटरसारख्या, क्लच तेलात नसलेल्या गाड्यांचे समजावे.

गिअरचे दाते आणखी एक खोडी करतात. थंडीत पातळ आणि उष्णतेत दाट असे दुहेरी वागणे साधण्यासाठी तेलात लांब साखळ्यांचे रेणू मिसळलेले असतात. दाते ते रेणू अक्षरशः चिरडतात आणि ‘४०’चे तेल हळूहळू ‘३०’सारखे होते. उत्तम कृत्रिम तेल, विशेषतः एस्टर जातीचे, ह्यापुढे अधिक तग धरते. म्हणून आमचा सल्ला असा पडला : पुस्तिकेतील प्रत, एमए२ची खूण, कृत्रिम तेल, आणि शर्यतीच्या दोन-तीन फेऱ्यांनंतर ते बदलून टाकणे. महाग तेल वर्षभर वापरण्यापेक्षा मध्यम किमतीचे तेल वेळेवर बदललेले केव्हाही चांगले.

मुलगा थोडा हिरमुसला. “अंकल, मग ह्यात रेसिंगचे असे काय राहिले?” त्याचा प्रश्न आम्हांस आवडला, कारण त्याचे उत्तर आपल्या घरच्या फडताळात आहे. ते म्हणजे एरंडेल. लहानपणी ज्याच्या नुसत्या नावाने आपली तोंडे वाकडी होत, तेच हे. १८९९ साली वेकफील्ड नावाच्या इंग्रज गृहस्थाने स्थापलेल्या कंपनीने १९०९ साली आपल्या तेलास कॅस्ट्रॉल हे नाव दिले, ते कॅस्टर म्हणजे एरंडावरूनच. एरंडेल तापलेल्या धातूला घट्ट चिकटून राहते, आणि पेट्रोलने सहजी धुऊन जात नाही. पहिल्या महायुद्धातील विमानांची फिरती इंजिने त्याच्यावरच चालली. जुन्या शर्यतींच्या मैदानावर दरवळणारा तो गोडसर वास एरंडेलाच्या धुराचाच. आजही जगात सर्वाधिक एरंड पिकतो तो भारतात, मुख्यतः गुजरातेत.

मग आपण एरंडेलच का घालू नये? कारण उष्णतेने त्याची राळ बनून पिस्टनच्या कड्या चिकटतात, साध्या खनिज तेलात ते मिसळत नाही आणि इंजिन वरचेवर उघडून साफ करावे लागते. काही टू-स्ट्रोक आणि मिथेनॉलवर धावणाऱ्या गाड्यांत त्याला अद्याप मान आहे. चार स्ट्रोकच्या ह्या गाडीत त्याचे काम नाही.

येथून तासाभराच्या वाटेवर स्प्रिंगफील्ड आहे. तेथे १९०१ पासून ‘इंडियन’ मोटरसायकल बनत असे (नावाने फसू नये, आपला तिच्याशी संबंध नाही). १९११ साली आइल ऑफ मॅनच्या मोठ्या शर्यतीत ह्या गाड्यांनी पहिले तिन्ही क्रमांक पटकाविले. त्या काळी तेल एकदा इंजिनातून गेले की जळून वा रस्त्यावर ठिबकून संपे, आणि चढावर स्वाराला हातपंपाने जादा तेल द्यावे लागे. किती द्यावे हे ठरविण्याचे कौशल्य त्याचे स्वतःचे. आज ते काम पंप करतो, पण पातळी पाहण्याचे काम अद्याप स्वाराचेच आहे. गाडी सरळ उभी करून, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे, काचेतील दोन खुणांच्या मध्ये तेल असावे. वरच्या खुणेच्या पुढे भरू नये. क्रँक त्याला घुसळते, फेस होतो आणि फेस बेअरिंगला वंगण देत नाही.

तेलाची गाळणीही प्रत्येक वेळी बदलावी, आणि जुनी कापून तिच्या घड्या उलगडून पाहाव्यात. पितळी चमक दिसली तर शर्यतीला जाऊ नये. काढलेल्या तेलाला पेट्रोलचा वास येत असेल तरीही प्रथम कारण शोधावे. तळाचा बोल्ट आणि तेल भरण्याचे झाकण तारेने बांधण्याचा रस्ता-शर्यतींत नियम असतो. तो मुलाला जाचक वाटला. आम्ही त्याला एवढेच विचारले की, तुझ्या गाडीतून सांडलेल्या तेलावरून मागून येणारा कोणाचा तरी मुलगा घसरला तर? त्याने त्याच दिवशी बोल्टाला भोक पाडून घेतले. आईने ते पाहिले, आणि त्या दिवशी प्रथमच ती गाडीजवळ येऊन उभी राहिली.

राहिली गोष्ट जुन्या तेलाची. ते गटारात वा अंगणात ओतू नये. आमचा तलाव दूर नाही. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्याप्रमाणे ज्या दुकानातून तेल घेतले, त्याने पावती दाखविल्यावर दिवसाला दोन गॅलनपर्यंत वापरलेले तेल परत घ्यावे लागते. तेव्हा पावती डब्यालाच चिकटवून ठेवावी.