आठ ते आठ

मंडळी, इंग्लंडच्या मुक्कामाबद्दल लिहीन असं म्हणालो होतो, ते राहूनच गेलं होतं. आज लिहितो. पण हे प्रवासवर्णन नव्हे. हे भांडण आहे, आणि ते माझ्याच चुकीपासून सुरू होतं.

माझी भाची आणि जावई तिकडे बोटीत राहतात. सहलीपुरते नव्हेत, कायमचे! केनेट अँड एव्हन नावाचा कालवा आहे, १८१० साली पूर्ण झालेला. मध्ये तो मोडकळीला आला आणि १९९० मध्ये पुन्हा सुरू झाला. त्या काठाला, ब्रॅडफर्ड ऑन एव्हन या गावाजवळ, त्यांची 'नॅरोबोट' बांधलेली होती. लोखंडी बोट, रुंदी जेमतेम सात फूट. आपल्या एस.टी.पेक्षाही अरुंद जागेत स्वयंपाकघर, न्हाणीघर, पुस्तकं, सगळं आहे. नाही तो फक्त विजेचा मीटर.

वीज येते बॅटऱ्यांमधून. बॅटऱ्या भरतात टपावरच्या सोलर पॅनेलमधून, नाहीतर इंजिन चालवून. मी गेलो २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये. तिथे तेव्हा दुपारी साडेचारच्या आत अंधार पडतो आणि जो काही सूर्य असतो तो क्षितिजावर रेंगाळून निघून जातो. म्हणजे पॅनेल नावालाच. मग बोट जागेवरच बांधून ठेवून इंजिन लावायचं. त्यावर बॅटऱ्या भरतात आणि टाकीतलं पाणीही तापतं. घरात चूल पेटवण्याइतकीच ही गरजेची गोष्ट आहे, चैन नाही.

पण इंजिन डिझेलचं. त्याची धडधड लोखंडातून आणि पाण्यातून शेजारच्या बोटीत पोचते, धूरही पोचतो. म्हणून नियम आहे. २०१२ पासून तिथले बहुतेक कालवे सांभाळणारा कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट परवाना देतानाच सांगतो, की बांधलेल्या बोटीवर रात्री आठ ते सकाळी आठ इंजिन किंवा जनरेटर चालवायचा नाही.

आता माझा पराक्रम ऐका. माझे गुडघे. थंडीत त्यांना विजेचा शेकाचा पट्टा लागतो. सासरच्या मंडळींसमोर जावई 'नको' कसं म्हणणार? चार रात्री मी पट्टा लावला आणि पाचव्या संध्याकाळी बॅटऱ्या बसल्या. तेव्हा आठ वाजून वीस मिनिटं झाली होती. जावई म्हणाले, "मामा, आता सकाळीच." मी म्हणालो, "अहो, वीस मिनिटांनी काय होतंय? अंधारात कोण बघायला येतंय?" चौतीस वर्षं वर्गात शिस्त शिकवली, आणि हे माझे शब्द! माझा मान राखायला त्यांनी इंजिन लावलं. चाळीस मिनिटं चाललं.

आमच्या बोटीचं मागचं टोक, म्हणजे इंजिनाचं टोक, जिथे संपत होतं तिथेच शेजारच्या बाईंच्या बोटीतली झोपायची खोली सुरू होत होती. त्या बेकरीत कामाला. पहाटे चारला निघायच्या, म्हणून आठच्या आत झोपायच्या. हे भाचीला माहीत होतं, मला नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. त्या रात्री कोणी दार वाजवलं नाही. दुसऱ्या दिवशी बाईंना सुट्टी होती. सकाळी बरोब्बर आठ वाजता त्यांचं इंजिन सुरू झालं, दोर सुटले आणि बोट पुढे निघून गेली. भाची खिडकीशी उभी होती. म्हणाली, "मामा, इथे भांडतात ते असं."

मला नंतर कळलं ते सांगतो. माझी बहीण गेली तेव्हा भाची तातडीने भारतात आली होती, जावईही. महिनाभर त्यांची बोट याच बाईंनी सांभाळली. पाणी भरलं, आणि चौदा दिवस झाल्यावर ती पुढच्या जागी नेऊन बांधली. कारण ज्यांना कायमची जागा नाही त्यांनी एका ठिकाणी साधारण चौदा दिवसांहून जास्त राहायचं नाही, असा १९९५ चा कायदा आहे.

खरा मुद्दा या चौदा दिवसांतच आहे असं माझं मत झालं. वाड्यात, चाळीत शेजार तीस-तीस वर्षांचा. तिथे माणूस सौजन्याने वागतो त्यात निम्मी भीती असते, उद्या याच तोंडाने साखर मागायची आहे! कालव्यावर शेजारी चार दिवसांचा. तिथे भीती नाही, म्हणून तिथेच खरं सौजन्य कळतं. आणि तिथेच माणसं म्हणतात, "आम्ही नियमात आहोत."

या वाक्याशी माझं भांडण आहे. मुक्कामात मी काठावरून रोज फिरत होतो. एक गृहस्थ सकाळी आठला इंजिन लावत ते संध्याकाळी आठला बंद करत. नियमात! काठाच्या बाजूला धूर सोडत, समोरच्या बोटीच्या उघड्या झडपेत. नियमात! अहो, नियमाने तुम्हाला बारा तास बहाल केलेले नाहीत. उरलेले बारा तास तुमच्याकडून काढून घेतले आहेत, एवढंच. दिवसाच्या बारा तासांत काय करायचं हे नियम सांगत नाही, कारण ते माणसाने स्वतः सांगायचं असतं.

आणि हे सगळं जमण्यासारखं आहे. लेड-ॲसिड बॅटरी सुरुवातीला भराभर वीज घेते आणि शेवटचा हिस्सा रडतखडत भरते. कायम अर्धवट भरली तर लवकर खराब होते. म्हणजे संध्याकाळी सहाला इंजिन लावणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं, की एकतर बॅटरी मारायची नाहीतर आठची वेळ ओलांडायची. सकाळी उशिरा लावा, शेजारी जागे असताना. त्याहून उत्तम म्हणजे बोट चालवतानाच भरून घ्या. डिझेल इंजिनाला तासन्‌तास नुसतं घरघरत ठेवणं मानवत नाहीच. गियर टाकून तर कधीच चालवू नका, पंख्याच्या पाण्याने काठ खचतो आणि दोरांवर ताण येतो. आणि लावण्याआधी चार पावलं चालून एक वाक्य बोला, "दोन तास लावतोय, चालेल ना?" या वाक्याला डिझेल लागत नाही.

दुसरी बाजूही सोडत नाही. काठावर पाण्याचा देखावा पाहून घरं घेणारे आणि मग भर दुपारी इंजिन ऐकू आलं की तक्रार करणारेही मी पाहिले. त्यांच्या भिंतीत बटण आहे, बोटवाल्याच्या नाही. शांतता हवी असेल तर बोटींना हाकलण्याऐवजी काठावर वीज मागा. लंडनमध्ये इस्लिंग्टनला रीजंट्स कॅनॉलच्या काठी बोटींसाठी विजेची सोय झाली आहे. आणि थंडीत कुणाच्या बॅटऱ्या बसल्या तर तक्रारीआधी दार वाजवून विचारा. मी त्या बाईंवर मनातल्या मनात एवढंच रागावलो, की त्यांनी दार वाजवायला हवं होतं. पण आधी दार वाजवायचं काम माझं होतं.

आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. तेव्हापासून आपण काय शिकलो? दहाला पाच कमी असेपर्यंत भिंती हादरवायच्या आणि वर म्हणायचं, "दहापर्यंत परवानगी आहे." खालच्या मजल्यावर बारावीची मुलगी आहे की आजारी म्हातारा, हे विचारायला परवानगी लागत नाही हो.

निघण्याआधी मी बाईंना चिठ्ठी लिहिली. मराठी माध्यमाच्या बी.ए.चं इंग्रजी, भाचीने दोन जागी दुरुस्त केलं. गुडघ्याचं कारण मी लिहिलं होतं, ते मीच खोडलं. भाचीने ती त्यांना पाण्याच्या नळावर गाठून दिली. त्या "थँक्यू" म्हणाल्या.

जानेवारीत भाचीचा फोन आला. दोन्ही बोटी पुन्हा एकाच काठाला लागल्या होत्या. म्हणाली, "बोलतात, हसतात. पण मामा, या वेळी त्यांनी मध्ये दोन बोटींची जागा सोडून बांधलीय."

ते दोन बोटींचं अंतर माझं आहे. असो.