नकाशातली दुसरी चूल

वडूजला आमचे जुने घर उतरवून त्या जागी तीन पिढ्यांसाठी नवे घर बांधायचे ठरले आणि गेल्या महिन्यात जागेवर फक्कीने आखणी झाली. पांढऱ्या रेषांच्या त्या घरात आम्ही सगळे भिंती ओलांडत कसेही फिरत होतो. आत्या (आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात) मात्र दारासाठी सोडलेल्या जागेतूनच आत आल्या. हॉलमधून किचनमध्ये गेल्या, प्रत्येक बेडरूमच्या दारापर्यंत जाऊन परतल्या आणि म्हणाल्या, "समदं हाय. पर बसायचं कुठं?"

हॉलमध्ये बसायचे, असे धाकट्या दिरांनी सांगितले. आत्यांचे समाधान झाले नाही, आणि ते का झाले नाही याचा विचार मी परतीच्या एस.टी.त करत होते. जुन्या घराला सोपा होता. शेंगा फोडणे, ज्वारी निवडणे, रस्त्याने जाणाऱ्याला हाक मारणे, दुपारी घटकाभर कलंडणे ही सगळी कामे तिथली. बाकी घर म्हणजे पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, वर माळवद, माजघरात बळद, मागे परडे. या जागांची नावे पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. त्यांत माणसाच्या मालकीचे नाव एकही नाही. माजघर, देवघर, न्हाणी ही नावे ठिकाणावरून किंवा कामावरून आली. नव्या नकाशात मात्र 'थोरल्यांची बेडरूम', 'धाकट्यांची बेडरूम', 'आईंची बेडरूम' अशी लेबले आहेत. माणसागणिक खोली वाटून झाल्यावर सगळ्यांची म्हणून जी जागा उरली, ती टीव्हीसमोरची.

इथवर आले की मराठीच्या प्राध्यापकाला गहिवर येतो. वाडा, ओसरी, चौक, हरवलेले एकत्रपण. या विषयावर चर्चासत्रांत मी स्वतः निबंध वाचलेले आहेत. पण आता घराचा खर्च डोळ्यांसमोर असताना तो गहिवर मला परवडत नाही आणि पटतही नाही. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?'मधल्या यमूला नवऱ्याशी मोकळेपणाने बोलता येते ते मुंबईला बिऱ्हाड केल्यावर. भरल्या घरात तिला तेवढा कोपरा नव्हता. महेश एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' 1985 साली रंगभूमीवर आले. वर्गात आपण त्यातल्या गंजणाऱ्या ट्रॅक्टरवर आणि ढासळणाऱ्या वैभवावर तासन्‌तास बोलतो. शिकायचे राहून गेलेल्या प्रभाविषयी किती बोलतो? तिची पडझड तर भिंती उभ्या असतानाच झालेली आहे. सोप्यावर सगळ्यांना जागा होती हे खरे, पण सुनेला ती तिथे वडीलधारे नसतील तेव्हाच. आत्यांना आज सोपा हवा आहे. त्या सून होत्या तेव्हा त्यावर किती वेळ बसल्या, हे मी त्यांना विचारलेले नाही.

आमच्या भागापुरते आणखी एक सांगितले पाहिजे. खटाव तालुका पर्जन्यछायेतला. येरळेला पाणी किती दिवस, हे सगळ्यांना ठाऊक आहे. इथली माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली, माथाडी झाली. खटाव, माण, खानापूर, आटपाडीकडची कितीतरी कुटुंबे सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर पसरली. त्यांनी गावी बांधलेली दुमजली, तिमजली घरे या पट्ट्यात जागोजागी दिसतात. यात्रेला, लग्नाला उघडतात. एरवी खाली दोन म्हातारी माणसे, वर कुलूप. तेव्हा तीन पिढ्यांचे घर बांधायचे म्हणजे बहुतेक वर्षभर एकाच पिढीला सोसेल आणि यात्रेच्या चार दिवसांत वीस माणसांना पुरेल असे घर बांधायचे. आत्यांची खोली खाली, संडास तिला लागून, उंबऱ्याला ठेच लागू नये, एवढे सर्वांनी लगेच मान्य केले. सोपाही मिळाला, हॉल चार फुटांनी आत सरकला. नणंदेच्या खोलीला नकाशात 'गेस्ट रूम' म्हटले होते. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका हक्क महाराष्ट्राने 1994 साली आणि केंद्राने 2005 साली दिला, त्यामुळे घरच्या लेकीला पाहुणी म्हणणे मला खटकले. मी बोलले. सगळे हसले. लेबल तसेच आहे.

खरी अडचण स्वयंपाकघराची. इंजिनिअरने "किचन एकच ना?" असे विचारले आणि दोघे भाऊ एकदम "एकच" म्हणाले. मला दोन हवी होती, एक खाली आणि एक वर. इरावती कर्वे यांनी 1953 च्या 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' या ग्रंथात एकत्र कुटुंबाची जी लक्षणे सांगितली, त्यांत एका छपराखाली राहणे आणि एका चुलीवरचे जेवणे ही ठळक आहेत. मराठीत तर 'चूल वेगळी होणे' म्हणजेच वाटणी. मग नकाशातच दुसरा ओटा दाखवणे म्हणजे पायाभरणीलाच वाटणीचा नारळ फोडण्यासारखे. धाकट्या दिरांनी हे सौम्यपणे सुचवले. "लोक काय म्हणतील, वहिनी?" मी म्हटले, धाकटीला रात्री अकराला लेकरासाठी दूध तापवायचे असले तर तिने खाली येऊन सगळे घर जागे करायचे का? वादाला टोक येऊ लागले तेव्हा आत्या बोलल्या.

"न्हाणीतली चूल काय नुसती पाण्याचीच व्हती व्हय?"

सगळे गप्प झाले. मग त्यांनी सांगितले. त्यांच्या सासूबाई दुपारी निजल्या की त्या परड्यातून न्हाणीत जायच्या आणि पाणी तापवायच्या चुलीवर स्वतःपुरता चहा करायच्या. कधी थोरल्या जावेबरोबर, कधी एकट्याने. एकदा पोरीला ताप असताना तिथेच पेज केली. वीसेक वर्षे ती चूल चालली आणि घरातल्या एकाही पुरुषाला तिचा पत्ता नव्हता. आमचे घर 'एका चुलीचे' म्हणून आळीत नावाजलेले होते. मामंजी ते अभिमानाने सांगत.

हे ऐकल्यावर कर्व्यांची व्याख्या मी निराळ्या रीतीने वाचू लागले आहे. एक चूल ही कुटुंबाने स्वतःविषयी बाहेर सांगायची गोष्ट असावी. आत बाया आपापली सोय पाहत होत्या, आणि घर टिकले ते बहुधा त्या सोयीमुळे. ती सोय त्यांना धुरात, चोरून करावी लागली, एवढीच माझी तक्रार आहे. आता पैसे देऊन, नकाशा काढून घर बांधतो आहोत, तर ती उघड असावी.

वास्तुशास्त्राचा प्रश्न निघालाच. दोन्ही स्वयंपाकघरे आग्नेयेला कशी येणार? इंजिनिअरने तो चुटकीसरशी सोडवला. वरचे बरोबर खालच्याच्या डोक्यावर घ्या. दिशाही साधते आणि पाण्याच्या नळ्याही सरळ उभ्या जातात. दिरांचे समाधान झाले की नाही कळले नाही, पण त्यांनी पुढे विरोध केला नाही.

दुरुस्त नकाशा परवा आला. वरच्या मजल्यावरच्या त्या जागेत 'स्टोअर' असे लिहिले आहे. पाण्याची आणि सांडपाण्याची लाइन मात्र तिथवर नेलेली आहे.