विश्लेषण : ४ जूनची पडझड ६ एप्रिलला कशी जाते?

भंडारा-गोंदिया मतदारसंघात १९ एप्रिल २०२४ रोजी मतदान झाले आणि ४ जूनला निकाल लागला. त्याच दिवशी सेन्सेक्स ४,३८९ अंकांनी कोसळून ७२,०७९ वर बंद झाला. मात्र गोंदियातील एखाद्या गुंतवणूकदाराने हे भाव संगणकात घालून आलेख काढला, तर तीच पडझड मतदानाच्या आधी, ६ एप्रिलला झालेली दिसू शकते.

चूक कुठे होते?
आपण आधी दिवस, मग महिना लिहितो, अमेरिकेत उलट. शेअरभावांच्या विश्लेषणात सर्रास वापरले जाणारे पायथनमधील ‘पांडाज’ हे साधन वेगळी सूचना नसेल, तर ०४/०६/२०२४ ही तारीख ६ एप्रिल अशी वाचते. जुन्या आवृत्त्यांत १९/०४/२०२४ मात्र बरोबर वाचली जाई, कारण १९ वा महिनाच नसतो. म्हणजे एकाच रकान्यात काही तारखा खऱ्या, काही फिरलेल्या.

लक्षात का येत नाही?
प्रोग्राम थांबत नाही, आलेखही निघतो. वर्षातील १३२ तारखा अशा उलटू शकतात. भावांचा क्रम बिघडला की मूव्हिंग ॲव्हरेज चुकते आणि त्यावर बेतलेली खरेदी-विक्रीही. एप्रिल २०२३ मधील ‘पांडाज’च्या २.० आवृत्तीपासून पहिल्या तारखेवरून क्रम ठरतो. न जुळणारी तारीख आली की त्रुटी दाखवली जाते. पण फाइलमध्ये ३ ते १२ जूनचेच भाव असतील, तर चूक आजही निसटते.

दुरुस्ती काय?
क्रम साधनाच्या अंदाजावर न सोडता कोडमध्ये ‘दिवस, महिना, वर्ष’ असा स्पष्ट लिहावा. मात्र आधी फाइल उघडून पाहावी. ‘एनएसई’च्या जुन्या ‘भावकॉपी’त महिना अक्षरांत असे, जुलै २०२४ पासूनच्या नव्या फाइलमध्ये वर्ष, महिना, दिवस असा ‘आयएसओ ८६०१’चा क्रम आहे. दोन्ही फाइल जोडायच्या असतील, तर प्रत्येकीच्या तारखा स्वतंत्रपणे वाचून मगच जोडाव्यात.

तपासायचे कसे?
प्रत्येक तारखेचा वार काढावा. ६ एप्रिल २०२४ ला शनिवार होता, बाजार बंद होता. विशेष सत्रांचे मोजके दिवस सोडून शनिवार-रविवारी भाव दिसले, तर आधी तारखा दुरुस्त कराव्यात. पैसे गुंतवण्याचा विचार त्यानंतर.