ज्याला जास्त अंगठे, त्याचा लोगो?

सध्या आपल्या कॉलेजात दोनच गोष्टींची चर्चा आहे. एक सबमिशन आणि दुसरी लोगो! सबमिशनबद्दल लिहून काही उपयोग नाही, तेव्हा लोगोबद्दल लिहिते. माझी मराठी थोडी कॉन्व्हेंट छाप आहे, तेवढं वाचकांनी सांभाळून घ्यावं.

ज्यांना विषय माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपल्या लिनक्स क्लबच्या सीनियर्सनी अहिराणी शब्द गोळा करणारं एक सॉफ्टवेअर सुरू केलं. शब्द टाकायचा, मराठी अर्थ टाकायचा आणि तो कोणत्या गावात ऐकला ते लिहायचं, बस्स! सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला. कुणीही घ्या, सुधारा, वाटा. पण त्याचा लोगो म्हणजे घाईघाईत इंटरनेटवरून उचललेलं केळीच्या पानाचं चित्र आहे. ते कुणी काढलं, वापरायला परवानगी आहे का, कुणालाच ठाऊक नाही. शिवाय मोबाइलवर ते पान कमी आणि हिरवा डाग जास्त वाटतो. नवा लोगो हवा, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत आहे.

भांडण पुढेच आहे. चार डिझाइन्स आलीत. एक केळीचा घड, एक जातं, एक कोडिंगच्या कंसात बसवलेला 'अ', आणि एक एआयकडून दोन मिनिटांत काढून घेतलेलं चकचकीत चित्र. ठरलंय असं की चारही व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची आणि ज्याला जास्त अंगठे मिळतील तो आपला लोगो.

मित्र-मैत्रिणींनो, मला ही पद्धत मान्य नाही. का, ते सांगते.

पहिली गोष्ट, अंगठा कोण देणार? ग्रुपवर जळगावची पोरं सगळ्यात जास्त. आम्ही धुळ्याचे त्याहून कमी, नंदुरबारचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि बागलाणचं तर कुणीच नाही. आता अहिराणी कुठे बोलतात बघा. धुळे, नंदुरबार, नाशिक जिल्ह्यातलं बागलाण, आणि जळगाव जिल्ह्याचा अमळनेर, पारोळा, चाळीसगावकडचा पश्चिम भाग. म्हणजे ज्यांची भाषा, त्यांनाच मत नाही! माझी आजी साक्रीकडची. या सॉफ्टवेअरमधले कितीतरी शब्द तिच्या तोंडून आलेत. ती कुठे आहे ग्रुपवर? केळी जगभर जाते, जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं, अभिमान आहेच. पण धुळ्याचा माणूस केळीचा घड बघून म्हणेल, "हे जळगाववाल्यांचं काहीतरी असेल," आणि पुढे जाईल. जात्याचंही तसंच. जातं म्हटलं की आपल्याला बहिणाबाई आठवतात. पण त्या आसोद्याच्या, त्यांच्या कविता लेवा बोलीतल्या. ती बोली आपलीच, पण आपलं सॉफ्टवेअर अहिराणीचं आहे. आणि खरं सांगू? ते जातं छोटं केलं की सीडीसारखं दिसतं!

दुसरी गोष्ट, जास्त मतं मिळालेलं चित्र टिकतंच असं नाही. लिनक्सचा पेंग्विन बघा. १९९६ साली लॅरी युइंग या विद्यार्थ्याने गिम्प वापरून टक्स काढला. त्या काळात लिनक्सच्या लोगोसाठी स्पर्धा झाल्या आणि गंमत म्हणजे टक्स त्यातली एकही जिंकला नाही! तरी आज लिनक्स म्हटलं की तोच गुबगुबीत पेंग्विन डोळ्यांसमोर येतो. लिनस टॉरवाल्ड्सला तो आवडला हे एक कारण. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. युइंगने चित्र वापरायची आणि बदलायची मोकळीक दिली, फक्त त्याचा आणि गिम्पचा उल्लेख करा म्हणाला. त्यामुळे कुणी त्याला टोपी घातली, कुणी तलवार दिली, आणि तो सगळ्यांचा झाला.

याच्या उलट घडल्याचं उदाहरणही आहे. फायरफॉक्स ओपन सोर्स, पण त्याचा लोगो मात्र तितका मोकळा नव्हता. डेबियनवाल्यांना त्या अटी चालेनात. लोगो वापरायचा नसेल तर फायरफॉक्स हे नावही वापरता येणार नाही, असं मोझिलाने सांगितलं. शेवटी २००६ साली डेबियनने तोच ब्राउझर 'आइसवीझल' या नावाने द्यायला सुरुवात केली. पुन्हा फायरफॉक्स नाव यायला २०१६ उजाडलं. एका चित्रावरून दहा वर्षं! म्हणून म्हणते, परवाना ही नंतर बघायची गोष्ट नव्हे. एआयवाल्या चित्रावर माझा आक्षेप हाच आहे. ते कुणाकुणाच्या चित्रांवर पोसलंय हे आपण सांगू शकत नाही. परवानगी माहीत नसलेलं चित्र काढून तसंच दुसरं बसवायचं असेल तर मग बदलायचं तरी कशाला? आगीतून फुफाट्यात!

तिसरी गोष्ट आपल्या अक्षरांची. विकिपीडियाचा तुकड्यातुकड्यांचा गोल सगळ्यांनी पाहिलाय. २००३ साली स्पर्धेतून तो निवडला गेला. त्यावर जगभरातल्या लिप्यांची अक्षरं आहेत आणि आपलं 'वि' पण आहे. पण सुरुवातीच्या गोलावर ते देवनागरी अक्षर चुकीचं उमटलं होतं. एक जपानी अक्षरही चुकलं होतं. २००७ साली अमेरिकेतल्या पेपरात त्याची बातमी आली आणि दुरुस्त व्हायला २०१० साल लागलं. जगातला कुणीही बदल करू शकेल असा ज्ञानकोश, आणि त्याच्याच कपाळावरचं अक्षर इतकी वर्षं चुकीचं! आपल्यापैकी ज्यांनी देवनागरीत प्रोग्राम लिहिलाय त्यांना हा त्रास माहीत आहे. ऱ्हस्व वेलांटी कॉम्प्युटर व्यंजनाच्या नंतर साठवतो, पण काढायची आधी असते. सॉफ्टवेअरला ते समजलं नाही की वेलांटी उजवीकडे जाऊन बसते.

अहिराणीत तर एका काना-मात्रेने घरातलं माणूस बदलतं! 'आंडोर' म्हणजे मुलगा आणि 'आंडेर' म्हणजे मुलगी. फरक फक्त एका कान्याचा. आता असा शब्द लोगोत बारीक अक्षरात घातला आणि तो काना दिसलाच नाही तर? म्हणून लोगोत देवनागरी असेल तर फॉन्टही विचार करून घ्यावा लागेल. सुदैवाने मोकळ्या परवान्याचे चांगले फॉन्ट आपल्याकडे आहेत. रेड हॅटने खुले केलेले 'लोहित' आहेत, मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्त' आहे. फुकट मिळतो म्हणून कुठलाही फॉन्ट उचलायची गरजच नाही.

मग निवड करायची तरी कशी? माझ्या मते आधी कसोट्या लिहून काढाव्यात, मग चित्रं बघावीत. आपण उलटं केलंय. आधी चित्रं आली, आता प्रत्येक जण आपल्या आवडत्या चित्राला शोभतील अशी कारणं शोधतोय.

फेडोराने हे कसं केलं ते वाचण्यासारखं आहे. त्यांचा जुना लोगो २००५ पासूनचा. निळ्या फुग्यात 'एफ' आणि अनंताची खूण. बदलायचं ठरल्यावर "जुना वाटतो" एवढ्यावर ते थांबले नाहीत. दुखणी लिहून काढली. एका रंगात छापता येत नाही. गडद पार्श्वभूमीवर नीट दिसत नाही. फुग्याच्या आकारामुळे मध्यभागी बसवणं कठीण. अक्षरांचा फॉन्ट मोकळ्या परवान्याचा नाही. आणि फेसबुकच्या 'एफ'शी लोक गल्लत करतात. यातली प्रत्येक तक्रार तपासून बघता येते, त्यात आवडीनिवडीचा प्रश्न नाही. कच्ची चित्रं सगळ्यांसमोर ठेवली, सूचना घेतल्या, आणि नवा लोगो २०२१ साली वापरात आला. अनंताची खूण आणि 'एफ' राहिले, फुगा गेला.

ज्यावर विकिपीडिया चालतो त्या मीडियाविकी सॉफ्टवेअरचंही तसंच. २००३ पासूनच्या लोगोत चौकटी कंसांमध्ये सूर्यफुलाचा फोटो होता. फोटो लहान केला की घोळ व्हायचा. २०२० साली नवीन चित्रं मागवली, चर्चा झाली, मतदान झालं, आणि २०२१ मध्ये साध्या पाकळ्यांचं नवं फूल आलं. फोटो गेला, सूर्यफूल राहिलं. इथे मतदान होतं, हे मी मुद्दाम सांगते. मतदानाशी माझं वैर नाही. पण काय दुरुस्त करायचं ते आधी ठरलेलं होतं.

आणि आपल्या रुपयाचं चिन्ह! २००९ साली सरकारने स्पर्धा जाहीर केली, शेवटी पाच चिन्हं उरली, त्यातून आयआयटी मुंबईच्या डी. उदयकुमार यांचं चिन्ह निवडलं गेलं आणि १५ जुलै २०१० रोजी मंत्रिमंडळाने त्याला मंजुरी दिली. देवनागरी 'र' आणि उभी रेघ नसलेला रोमन 'आर' एकाच आकृतीत. शाळेतल्या पोराने पाटीवर काढावं इतकं सोपं. आज भाजीवालाही पुठ्ठ्यावर खडूने भाव लिहिताना ते काढतो. माझ्या मते यापेक्षा मोठी परीक्षा कुठल्याच लोगोची नसते. आणि निवड झाली म्हणजे काम संपलं असंही नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये ते युनिकोडमध्ये आलं, मग फॉन्टमध्ये यायचं, मग कीबोर्डवर. तोवर पुष्कळ कॉम्प्युटरवर रुपयाच्या जागी नुसता चौकोन दिसायचा.

यावरून आपल्यासाठी मी पाच कसोट्या सुचवते.

एक, सोळा बाय सोळा पिक्सेलमध्ये ओळखू आला पाहिजे. ब्राउझरच्या टॅबवर तेवढीच जागा मिळते.

दोन, काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर टिकला पाहिजे. आपली पत्रकं गावोगाव झेरॉक्स होऊनच जातात, रंगीत प्रिंटचे पैसे कोण देणार?

तीन, तो इंकस्केपमध्ये काढून एसव्हीजी फाइल कोडसोबत ठेवली पाहिजे, म्हणजे पुढच्या बॅचला बदल करता येईल. नुसती जेपीजी म्हणजे सोर्स न देता प्रोग्राम दिल्यासारखं झालं.

चार, काढणाऱ्याचं नाव आणि परवाना लेखी हवा.

पाच, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची. अहिराणी बोलणाऱ्या माणसाला तो आपला वाटला पाहिजे. त्यासाठी एका रविवारी अमळनेर, साक्री, शिरपूर, सटाण्याच्या स्टँडवर प्रिंटआउट घेऊन उभं राहायचं आणि विचारायचं, "हाई काय शे?" लोक काय म्हणतात ते जसंच्या तसं लिहून घ्यायचं. चांगलं आहे का, हे विचारायचंच नाही, कारण पाहुण्यांसमोर आपल्याकडची माणसं सगळ्यालाच चांगलं म्हणतात!

या पाचांत जी चित्रं पास होतील त्यांच्यावर खुशाल मतदान घ्या. मग जे जिंकेल त्याला माझाही अंगठा.

काही जण म्हणतात, "एवढं काय त्यात? सॉफ्टवेअर चांगलं असलं की झालं." अर्धं पटतं मला. बग तसेच ठेवून लोगो रंगवण्यात अर्थ नाही. पण आपलं सॉफ्टवेअर वापरणारा माणूस कोड बघणार नाही. त्याला आधी दिसणार ते चित्र. ज्या भाषेला शाळेत "नीट बोल" म्हणून गप्प बसवलं गेलं, ती बोलणाऱ्याला मोबाइलवर आपल्या भाषेची खूण पहिल्यांदा दिसणार आहे. मी स्वतः अशा शाळेत शिकले जिथे मराठी बोलायलाही दंड होता, मग अहिराणीचं काय विचारता! अशा माणसाला ती खूण परकी वाटली तर तो शब्द द्यायला पुढे येणार नाही. शब्द आले नाहीत तर आपला डेटाबेस रिकामा. मग तो कोड कितीही सुंदर असो, काय उपयोग त्याचा?

आणखी एक. निवड झाल्यावर बाकीची चित्रं डिलीट करू नका. कोणतं चित्र का नाकारलं ते दोन-दोन ओळींत लिहून कोडसोबतच ठेवा. चार वर्षांनी आपण सगळे पुण्या-मुंबईला कुठेतरी नोकरीला असू. तेव्हा लोगो बदलायला बसलेल्या ज्युनिअर्सना आपली भांडणं पुन्हा पहिल्यापासून भांडावी लागू नयेत. चेंजलॉग ठेवायची सवय आपल्याला आहेच, ती लोगोलाही लावू.

तेव्हा ग्रुप ॲडमिनना विनंती, पोल दोन आठवडे थांबवा. आणि धुळे-नंदुरबारवाल्यांनो, नुसती कुरकुर करू नका, पाचवं डिझाइन घेऊन या. आपापल्या आजीला विचारून आणा. साक्रीच्या स्टँडवर उभं राहायला मी येतेच आहे, सोबत कोण येतंय?