विश्लेषण : ‘मेझॉन इक्कोकु’ आज पाहताना पिंपरी-चाकण का आठवते?

जुन्या जपानी विनोदी प्रेमकथांना सध्या पुन्हा चांगले दिवस आले आहेत. चित्रकथाकार रुमिको ताकाहाशी यांची १९८१ मध्ये पडद्यावर आलेली ‘उरुसेई यात्सुरा’ २०२२ मध्ये नव्याने बनवली गेली. त्यांचीच १९८९ ची ‘रानमा’ २०२४ मध्ये परतली आणि नेटफ्लिक्समुळे भारतीय प्रेक्षकांच्या मोबाइलपर्यंत पोहोचली. त्या निमित्ताने ताकाहाशी यांची तिसरी मालिका, ‘मेझॉन इक्कोकु’, पुन्हा पाहण्यासारखी आहे. तिच्यात परग्रहावरची मुलगी नाही की जादूचे पाणीही नाही. आहे ते एक जुनाट लाकडी घर, त्यातल्या भाड्याच्या खोल्या आणि घरमालकाने नेमलेली तरुण व्यवस्थापक. पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यात ‘कॉट बेसिस’वर राहिलेल्या कोणालाही हे घर परके वाटणार नाही.

मालिका नेमकी काय आहे?

मूळ चित्रकथा १९८० ते १९८७ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यावरची ९६ भागांची अ‍ॅनिमे मालिका मार्च १९८६ ते मार्च १९८८ दरम्यान जपानी दूरचित्रवाणीवर दाखवली गेली. नायक युसाकु गोदाई हा विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत नापास होऊन पुन्हा तयारी करणारा मुलगा. जपानमध्ये अशा विद्यार्थ्यांना ‘रोनिन’ म्हणतात. तो ‘इक्कोकु-कान’ या घरातल्या पाच नंबरच्या खोलीत राहतो. शेजारी त्याच्याच खोलीत येऊन दारू पितात, गोंधळ घालतात आणि अभ्यासाचा बट्ट्याबोळ करतात. अशा घरात क्योको ओतोनाशी व्यवस्थापक म्हणून येते. ती गोदाईहून थोडी मोठी आणि लग्नानंतर काही महिन्यांतच विधवा झालेली. गोदाई तिच्या प्रेमात पडतो. मात्र ते तिच्यापर्यंत नीट पोहोचायला आणि तिने होकार द्यायला काही वर्षे जातात.

कथेतला काळ खऱ्या काळाच्या बरोबरीने सरकतो, हे तिचे वैशिष्ट्य. पात्रांची वये वाढतात, ऋतू बदलतात. गोदाई परीक्षा देतो, पदवी घेतो, नोकरीसाठी वणवण करतो. नोकरी लागली म्हणता म्हणता ती कंपनीच बुडते. अखेर तो बालवाडीतला शिक्षक होतो.

प्रेमकथेत खोलीला इतके महत्त्व का?

गोदाईकडे पैसा नाही, पत नाही, नोकरीचा पत्ता नाही. त्याचा प्रतिस्पर्धी शुन मिताका टेनिस शिकवतो, देखणा आहे आणि श्रीमंत घरातला आहे. तरीही गोदाई स्पर्धेत टिकतो, कारण तो त्याच घरात राहतो. अंगण झाडताना, जिन्यात, सामायिक फोनवर आलेला निरोप देताना क्योकोची आणि त्याची रोज गाठ पडते. त्याचा आळस तिला दिसतो, तसाच चांगुलपणाही. एकमेकांना पारखायला लागणारा वेळ त्यांना ती परवडणारी खोली देते. ती खोली वर्षभरात सोडावी लागली असती, तर ही प्रेमकथा दहाव्या भागातच संपली असती.

मराठीत असे काही आहे का?

आहे, आणि तेही त्याच वर्षातले. ‘मेझॉन इक्कोकु’चा शेवटचा भाग मार्च १९८८ मध्ये दाखवला गेला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सचिन पिळगांवकर दिग्दर्शित ‘अशी ही बनवाबनवी’ प्रदर्शित झाला. त्याची कल्पना हृषीकेश मुखर्जी यांच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’वरून घेतलेली होती. अविवाहित तरुणांना कोणी घर देत नाही, म्हणून चौघांपैकी दोघे बायका बनतात, एवढ्या एका अडचणीवर सगळा चित्रपट उभा आहे. प्रेक्षक गेली कित्येक वर्षे पोट धरून हसत आहेत. पण त्या हसण्याच्या मुळाशी असलेली अडचण अजून संपलेली नाही.

पिंपरी-चाकणमध्ये आज काय स्थिती?

हा पट्टा कामगारांच्या स्थलांतरातूनच घडला. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. १९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली आणि पुढे भोसरी, आकुर्डी, चिंचवड भरत गेले. कामगारांना परवडणारी घरे मिळावीत म्हणून १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. निगडी-आकुर्डीतले सेक्टर ही त्याची देणगी. २०२१ मध्ये प्राधिकरण विसर्जित होऊन पीएमआरडीए आणि महापालिकेत विलीन झाले. दरम्यान वाहन उद्योगाचा भार चाकणकडे सरकला. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीची लोकसंख्याच १७ लाख २७ हजारांवर गेली होती.

जुन्या पिढीतल्या कायम कामगाराला प्राधिकरणात घर, निदान प्लॉटचे स्वप्न तरी होते. आज आयटीआय किंवा डिप्लोमा करून बीड, लातूर, बुलढाण्याहून किंवा उत्तर प्रदेश, बिहारहून आलेला मुलगा अ‍ॅप्रेंटिस किंवा कंत्राटी म्हणून लागतो. म्हाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, निघोजे या गावांत स्थानिकांनी बांधलेल्या खोल्यांच्या ओळींत तो चार-पाच जणांसोबत राहतो. एक जण नाईटवरून येतो, तेव्हा दुसरा फर्स्ट शिफ्टला निघतो. कंत्राट संपले की खोलीही सुटते. सोसायट्यांच्या फ्लॅटबाबत ‘फक्त फॅमिली’ ही अट ठरलेली. गोदाईला मिळालेला वेळ या मुलाला कुठून मिळणार? म्हणूनच मालिका आज पाहताना हसू येते आणि थोडा हेवाही वाटतो.

क्योकोच्या बाजूने पाहिले तर?

मालिका गोदाईची वाटली, तरी तिचा कणा क्योको आहे. ती विधवा आहे म्हणून कथा तिला दुःखाची मूर्ती करत नाही. ती चिडते, मत्सर करते, हसते. नवऱ्याला विसरणे म्हणजे त्याच्याशी बेइमानी का, या प्रश्नाचे उत्तर ती सावकाश शोधते. तिला घाई न करता थांबता येते, कारण सासऱ्यांनी तिला त्या घराच्या व्यवस्थापकाचे काम दिले आहे. त्या कामासोबत राहायला खोली आहे. इतकेच नव्हे, नव्याने संसार कर, असे सुचवणाऱ्यांत हे सासरेही आहेत.

महाराष्ट्राला हा मुद्दा नवा नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. बांगड्या आणि कुंकू यांचा निर्णय महत्त्वाचा आहेच. पण स्वतःचे उत्पन्न आणि हक्काचे छप्पर असेल, तरच पुढचा निर्णय स्वतःच्या मनाने घेता येतो, हे क्योकोची गोष्ट दाखवते.

आज काय खटकते?

बरेच काही. शेजारी योत्सुया गोदाईच्या खोलीच्या भिंतीला भोक पाडतो, ते विनोद म्हणून खपवले जाते. दारूच्या नशेतला धिंगाणा आणि बाईच्या खासगीपणावरचे विनोद आज सहज हसवत नाहीत. शिकाऊ शिक्षक म्हणून गेलेल्या गोदाईच्या मागे लागणारी शाळकरी मुलगी हा भागही अवघडून टाकतो. काही गैरसमज तर इतके ताणले आहेत, की एका सरळ वाक्यात ते मिटले असते. जुनी मालिका आवडणे आणि तिच्यातल्या खोडी दिसणे, दोन्ही एकाच वेळी शक्य आहे.

घरांचा प्रश्न सुटतो आहे का?

कागदावर काही पावले पडली आहेत. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला. त्यात निवासी घरासाठी अनामत रक्कम दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नसावी, असे म्हटले आहे. पण तो राज्यांनी स्वीकारायचा नमुना आहे. महाराष्ट्रात १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा लागू आहे आणि अविवाहित म्हणून घर नाकारू नये, असे कलम त्यात नाही. जुलै २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात औद्योगिक कामगारांसाठी खासगी भागीदारीतून वसतिगृहासारखी भाड्याची घरे बांधण्याची घोषणा झाली. चाकणसारख्या पट्ट्यात अशी घरे किती आणि कोणत्या भाड्याने उभी राहतात, यावर तिचे यश मोजावे लागेल.

भाडेकरूला आज उपयोगी पडेल अशी एक तरतूद मात्र आहे. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे ठरवण्याचा भार घरमालकावर येतो. ही नोंदणी ऑनलाइनही होते. तोंडी बोलीवर खोली घेणाऱ्या मुलांनी एवढे तरी माहीत करून घ्यावे.

मालिकेच्या शेवटी गोदाई आणि क्योको लग्न करतात, पण मोठ्या फ्लॅटमध्ये जात नाहीत. तान्ह्या मुलीला घेऊन ती दोघे त्याच जुन्या घरात परततात. प्रेक्षकाला हा शेवट सुखाचा वाटतो, कारण जिथे त्यांची ओळख झाली, ते घर अजून त्यांचेच आहे. चाकणच्या खोलीत चार जणांसोबत झोपणाऱ्या मुलाची मागणीही यापेक्षा फार वेगळी नाही.